स्टेरिओ बसवला, पण करंट कुठे अडला?

नवा स्टेरिओ डॅशबोर्डात चपखल बसतो, भोवतीची फ्रेम जुळते, चावी फिरते आणि पडदा काळाच राहतो. त्याहून त्रासदायक प्रकार वेगळा आहे. दुकानासमोर सगळं उत्तम वाजतं आणि आठवड्याभरात, गाण्याचा आवाज जरा वाढवला की सेट आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होतो. अशा वेळी पहिला संशय सेटवर जातो. सेट बदलून आणला जातो, दुसराही तसाच वागतो आणि मग ‘तुमच्या गाडीची वायरिंगच खराब आहे’ असं ऐकून गाडीमालक घरी येतो. बहुतेक वेळा सेटही चांगला असतो आणि गाडीची वायरिंगही. दोष असतो तो दोघांना जोडणाऱ्या हातभर वायरींमध्ये, आणि तो घरच्या घरी शोधता येतो. त्यासाठी इलेक्ट्रिशियन असण्याची गरज नाही. घाई न करता, एका वेळी एकच गोष्ट तपासायची तयारी मात्र हवी.

स्टेरिओला चालायला तीन वायरी पुरतात. पहिली ‘डायरेक्ट’ वायर बॅटरीतून फ्यूजमार्गे येते, तिच्यात चावी काढल्यावरही करंट असतो आणि घड्याळ, रेडिओ स्टेशनं, आवाजाची मांडणी हे सगळं तिच्या जोरावर लक्षात राहतं. दुसरी चावीची वायर, म्हणजे चावी ॲक्सेसरीवर आणली की जिवंत होणारी. तिच्यामुळे सेटला जागं व्हायचं कळतं. तिसरी अर्थ, जिच्यातून करंट गाडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जातो. बाजारात मिळणाऱ्या सेटवर डायरेक्ट पिवळी, चावीची लाल आणि अर्थ काळी, हा रंगांचा संकेत जवळपास सगळे पाळतात. बॅटरीच्या जोडणीत मोठा प्रवाह वाहतो तो पिवळ्या आणि काळ्या वायरीतून. लाल वायर फक्त इशारा देते. हे लक्षात ठेवलं की पुढचं निदान निम्मं सोपं होतं.

पण हा रंगसंकेत सेटच्या बाजूचा आहे. गाडीच्या बाजूचे रंग प्रत्येक कंपनी, कधी कधी प्रत्येक मॉडेल वेगळे ठेवतं. गाडीतली काळी वायर अर्थच असेल असं नाही, आणि रंग पाहून रंग जोडणं हे इथल्या अनेक बिघाडांचं मूळ आहे. गाडीला आयएसओ १०४८७ प्रकारचं कपलर असेल तर काम सुकर होतं, कारण त्यातल्या करंटच्या भागात चौथी पिन डायरेक्टची, सातवी चावीची आणि आठवी अर्थची ठरलेली आहे. तरी तिथेही डोळे मिटून विश्वास नको. फोक्सवॅगन समूहाच्या जुन्या गाड्यांत चौथी आणि सातवी पिन उलट भेटते. म्हणूनच अनेक तयार कपलरांत लाल आणि पिवळ्या वायरीवर मध्येच काढता-घालता येणारी गोल जोडणी दिलेली असते. ती अदलाबदलीसाठीच आहे.

हात घालण्याआधी

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बहुतेक गाड्यांत १० चा पाना पुरतो. काही मिनिटं थांबा आणि मगच डॅशबोर्ड उघडा. हा वेळ एअरबॅगसाठी आहे, कारण तिच्या यंत्रणेत साठलेला करंट लगेच उतरत नाही. पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी दिसल्या की त्या एअरबॅगच्या समजा आणि त्यांना मीटरचं टोकसुद्धा लावू नका. सेटच्या एकट्या पिवळ्या वायरीशी त्यांचा काही संबंध नाही. इलेक्ट्रिक किंवा हायब्रीड गाडी असेल तर जाड नारिंगी केबल उच्च दाबाची असते, तिच्यापासून लांब राहा. अशा गाड्यांतही स्टेरिओ १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरच चालतो, त्यामुळे पुढे सांगितलेलं बाकी सगळं त्यांनाही लागू पडतं. चाचण्या करताना बॅटरी पुन्हा जोडावी लागेल. तेव्हा उघडी टोकं एकमेकांना आणि पत्र्याला लागणार नाहीत एवढं आधी पाहा.

साधनं दोन हवीत. एक साधा डिजिटल मल्टिमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा तालुक्याच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात तो सहज मिळतो. दुसरं साधन म्हणजे गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डरसह, त्याला हातभर लांबीच्या दोन वायरी जोडून. या दोहोंत मला बल्ब जास्त मोलाचा वाटतो. का, ते पुढे येईलच. मीटरबद्दल एक ताकीद: लाल टोक १० ॲम्पिअरच्या भोकात असताना व्होल्टेज मोजायला जाऊ नका. मीटर त्या स्थितीत सरळ शॉर्ट करतो.

आधी सेट बाहेर काढून बघा

गाडीच्या वायरींत शोध सुरू करण्याआधी सेट निर्दोष आहे का, हे पाच मिनिटांत ठरवता येतं. सेट बाहेर काढा. पिवळी आणि लाल वायर एकत्र करून १० ॲम्पिअरच्या फ्यूजमधून बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडा, काळी निगेटिव्हला. स्पीकरच्या वायरींची टोकं सुटी आणि झाकलेली ठेवा. सेट सुरू झाला तर तो चांगला आहे आणि दोष गाडीच्या बाजूला आहे. नाही झाला, तर सेटच्या मागचा छोटा फ्यूज पाहा. तो सहसा १० किंवा १५ ॲम्पिअरचा असतो. तो उडालेला असेल आणि नवा घातल्यावर तत्क्षणी पुन्हा उडत असेल, तर कधीतरी पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलट जोडले गेल्याची शक्यता मोठी आहे. बऱ्याच सेटमध्ये अशा चुकीपासून वाचवणारा एक डायोड असतो. उलट जोडणीत तो स्वतः शॉर्ट होतो आणि त्यानंतर प्रत्येक फ्यूज उडवत राहतो. हा भाग स्वस्त आहे आणि बदलता येतो. एवढ्यावरून सेट भंगारात काढू नका.

सेट बाहेर चालला की गाडीच्या फ्यूज पेटीकडे वळा. एक पेटी बहुधा स्टिअरिंगखाली आणि दुसरी बॉनेटखाली असते. स्टेरिओच्या डायरेक्ट वायरीचा फ्यूज अनेक गाड्यांत आतल्या दिव्यासोबत असतो आणि चावीच्या वायरीचा फ्यूज सिगारेट लायटरच्या, म्हणजे आजच्या फोन चार्जरच्या सॉकेटसोबत. म्हणून सेट बसवल्यावर आतला दिवा पेटेनासा झाला किंवा चार्जर चालेनासा झाला, तर ती तक्रार नव्हे, तो पत्ता आहे. बॅटरी न काढता काम करताना वायरीचं टोक क्षणभर पत्र्याला टेकलं आणि फ्यूज गेला, हा प्रसंग दुकानांत नेहमीचा आहे. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहू नका. त्याच्या पाठीवर दोन बारीक उघडे बिंदू असतात. फ्यूज जागेवर असतानाच दोन्हीकडे करंट येतो का ते तपासा.

मीटर बारा दाखवतो, तरी सेट मरतो

फ्यूज ठीक आहे, पिवळ्या वायरीवर मीटर १२.५ व्होल्ट दाखवतो, लालवरही दाखवतो, आणि सेट मात्र मुका. इथे भले भले गोंधळतात आणि इथेच चांगले सेट नाहक परत जातात.

मीटर व्होल्टेज मोजताना वायरीतून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. त्यामुळे वायरीच्या वीस तंतूंपैकी एकच शाबूत असला, जोडावर हिरवा गंज चढलेला असला, तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं. सेट सुरू होताना मात्र खरा प्रवाह मागतो. समजा, जोडात एक ओहमचा अडथळा आहे. सेट अर्धा ॲम्पिअर घेत असेल तेव्हा त्या जोडात अर्धा व्होल्ट खर्च होतो आणि कुणाला कळतही नाही. आवाज वाढवला, ढोलाचा ठोका आला आणि मागणी पाच ॲम्पिअरवर गेली की त्याच जोडात पाच व्होल्ट जातात. बारातले सातच उरतात आणि सेट बंद पडतो. तो बंद पडताच मागणी थांबते, व्होल्टेज पुन्हा बारावर येतं, सेट पुन्हा सुरू होतो. घाटात, मिरवणुकीच्या गाण्यावर किंवा थेट फोन आल्यावर सेट ‘रीस्टार्ट’ होतो म्हणतात, त्यातल्या पुष्कळ तक्रारींचा उलगडा या एका हिशेबात आहे.

म्हणून बल्ब. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन ॲम्पिअर घेतो. सेटचं कपलर काढा आणि बल्बची एक वायर गाडीकडच्या डायरेक्ट पिनला, दुसरी अर्थच्या पिनला लावा. बल्ब लख्ख पेटला तर वाट मोकळी आहे. मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर मीटर काहीही सांगो, वाट अडलेली आहे. आता अर्थकडची वायर काढून बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा डॅशबोर्डामागच्या स्वच्छ, रंग नसलेल्या पत्र्याला टेकवा. बल्ब उजळला तर दोष अर्थमध्ये होता. नाही उजळला तर डायरेक्ट वायरीत. दोन मिनिटांत शोध निम्म्यावर येतो. चावीची वायर मात्र बल्बने तपासू नका, ती मीटरनेच पाहा. काही नव्या गाड्यांत ती वायर संगणकाकडून येणारा नाजूक इशारा असते.

बल्बनंतर मीटरचा उपयोग अधिक अचूक होतो. सेट जोडून, गाणं बऱ्यापैकी मोठ्याने लावून, मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा, लागल्यास लांब वायर जोडा; लाल टोक सेटच्या काळ्या वायरीवर ठेवा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. एक व्होल्ट दिसला तर तेवढा व्होल्ट अर्थ खातोय. तसंच बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि सेटची पिवळी वायर यांच्यामधला फरक मोजा. तो अर्ध्या व्होल्टच्या वर जात असेल तर मधल्या प्रत्येक जोडाकडे संशयाने पाहा.

अर्थबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण सर्वात कमी लक्ष तिच्याकडे जातं. डॅशबोर्डामागे हाताला लागेल त्या स्क्रूखाली काळी वायर दाबणं ही वाईट सवय आहे. तो स्क्रू प्लॅस्टिकमध्ये गेलेला असू शकतो, किंवा रंगवलेल्या अशा पट्टीत, जिचा बॉडीशी पक्का संपर्कच नाही. कपलरमधली कंपनीची अर्थ मिळत असेल तर तीच घ्या. ती चांगली नसेल तर पत्र्याचा रंग खरवडा, वायरीला गोल लग लावा आणि बोल्ट घट्ट आवळा. एक खूण पक्की समजा: अँटेनाची पिन लावली की सेट चालतो आणि काढली की बंद पडतो, म्हणजे काळ्या वायरीला अर्थ मिळतच नाही. करंट अँटेनाच्या केबलच्या जाळीतून वाट काढतोय. असा सेट आठवडाभर चालेलही, पण घरघर करील आणि कधीतरी ती केबल तापवील.

आता लक्षणांवरून थोडं. चावी काढताच सेट सगळं विसरतो, वेळ पुन्हा बाराला येते, निवडलेली भाषा बदलते: पिवळी आणि लाल उलट लागल्या आहेत किंवा दोन्ही चावीच्या वायरीला जोडल्या आहेत. चावी काढूनही सेट बंद होत नाही: दोन्ही डायरेक्टला जोडल्या आहेत. सेल मारताना क्षणभर सेट बंद पडणं हा दोष नाही; त्या वेळी गाडी ॲक्सेसरीचा करंट स्वतःच तोडते. सेल मारताना घड्याळ आणि आठवणही जात असेल तर मात्र बॅटरी थकली आहे. पूर्ण भरलेली, विसावलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ हवेत. सेल मारताना आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर स्टेरिओकडे बोट दाखवू नका. हेडलाइट लावताच सेट मंद होतो किंवा बंद पडतो, असंही होतं. अशा वेळी डॅशबोर्डच्या दिव्यांची वायर, विशेषतः काही गाड्यांतली त्या दिव्यांची वेगळी निगेटिव्ह, अर्थ समजून जोडलेली आहे का ते पाहा. आवाज वाढवल्यावरच बंद पडतो आणि अर्थ, डायरेक्ट दोन्ही पक्क्या आहेत, तर स्पीकरकडे जा. दरवाज्याच्या बिजागरीत घासून स्पीकरची वायर पत्र्याला टेकली की सेट स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर व्होल्टेज असतं, त्यातली एकही अर्थला लागता कामा नये. जुन्या गाडीतल्या जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये स्पीकरचं एक टोक सामायिक अर्थला दिलेलं असेल, तर नवी जोडी ओढण्याला पर्याय नाही.

काही गाड्यांत चावीची वायर सापडतच नाही. शोधण्यात अर्धा दिवस घालवण्याआधी त्या मॉडेलमध्ये ती आहे का हे विचारा. नव्या गाड्यांत स्टेरिओला जागं करण्याचा निरोप डेटाच्या दोन वायरींवरून येतो आणि त्याचं रूपांतर करणारी छोटी डबी, जिला दुकानदार कॅनबस बॉक्स म्हणतात, कपलरसोबत लागते. डबी चुकीच्या मॉडेलची किंवा नादुरुस्त असेल तर सेट मुकाच राहणार. त्या डेटाच्या वायरींवर बल्ब लावू नका.

जोड, पाऊस आणि उंदीर

आपल्याकडचे जोड बहुतांशी पिळून टेप गुंडाळलेले असतात. उन्हात उभ्या गाडीत टेपचा गोंद सुटतो, खड्ड्यांच्या रस्त्यावर पिळलेले तंतू सैल होतात आणि मग सेट फक्त खड्ड्यात बंद पडू लागतो. योग्य कपलर काही शे रुपयांत मिळतं आणि मूळ वायर कापावी लागत नाही. कापलीच असेल तर जोडाला डाग द्या किंवा योग्य पक्कडीने क्रिम्प करा, त्यावर उष्णतेने आकसणारी स्लीव्ह चढवा. वायरीला चिमटा घेऊन करंट चोरणारे निळे क्लिप घाईच्या कामाला सोयीचे वाटतात. मी ते गाडीत वापरू नका असंच सांगेन. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत त्यांच्या आतलं तांबं लवकर हिरवं पडतं.

पावसाळ्यानंतर सुरू झालेला बिघाड असेल तर आधी पायाखालचं कार्पेट दाबून बघा. एसीची पाणी सोडणारी नळी तुंबली किंवा काचेखालच्या जाळीत पानं साचली की पाणी आत उतरतं, आणि कपलर व फ्यूज पेटी त्याच भागात असतात. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही याच दिवसांत सापडतात. डायरेक्ट वायर अचानक मेली आणि फ्यूज शाबूत असेल, तर बॉनेटखालून आत येणारा वायरींचा जुडगा टॉर्च घेऊन नीट पाहा.

उलट दिशेचा त्रासही असतो: स्टेरिओमुळे गाडीचाच करंट जातो. लहान पेट्रोल गाडीत साधारण ३५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी असते. बंद गाडीने एकूण ५० मिलिॲम्पिअर घेतले तर दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास जातात, म्हणजे आठवडाभर उभी गाडीही सुरू होते. पण नीट न झोपणारा अँड्रॉइड सेट अर्धा ॲम्पिअर घेत राहिला तर दिवसाला १२ ॲम्पिअर-तास जातात; तिसऱ्या सकाळी सेल फिरत नाही. हे मोजायला मीटर बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीच्या मध्ये, १० ॲम्पिअरच्या पट्टीवर लावा, दरवाजे बंद करून अर्धा तास थांबा आणि आकडा वाचा. मीटर जोडलेला असताना सेल मारू नका. आकडा मोठा असेल तर सेटच्या सेटिंगमध्ये झोपेचा पर्याय पाहा, आणि लाल वायर खरंच चावीवर आहे ना, हे पुन्हा तपासा.

ॲम्प्लिफायर बसवायचा असेल तर त्याचा करंट स्टेरिओच्या पिवळ्या वायरीतून कधीही घेऊ नका. त्याला बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर हवी आणि बॅटरीजवळच, दीड फुटाच्या आत, फ्यूज हवा. सेटची निळी-पांढरी वायर ॲम्पला फक्त सुरू होण्याचा इशारा देते. तिच्यावर पंखा, दिवा, कॅमेरा लादला की सेटच्या आतला भाग जळतो.

आणि फ्यूजबद्दल, सगळ्यात कळकळीने. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. जिथे १० चा उडतो तिथे ३० चा घातला की फ्यूज टिकतो आणि त्याऐवजी डॅशबोर्डामागची बारीक वायर तापते, तिचं आवरण वितळतं, शेजारच्या वायरी त्यात सापडतात. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार घालून ‘तात्पुरतं’ भागवलेल्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत. सेट बसवून गाडी ताब्यात घेताना ॲक्सेसरीवाल्याला तीन गोष्टी दाखवायला सांगा: कोणत्या आकड्याचा फ्यूज घातला, अर्थ कुठे दिली आणि मूळ कपलर कापलं की शाबूत ठेवलं. तो दाखवायला कंटाळला तर दुसरं दुकान गाठा. आणि फ्यूजच्या जागी तार दिसली, तर गाणी राहू द्या, ती तार काढल्याशिवाय गाडी सुरू करू नका.